कंडिशन एक नंबर

महाराष्ट्रात विकायला निघालेल्या जुन्या मोटारसायकलींपैकी निम्म्या डॉक्टरांनी वापरलेल्या असतात. उरलेल्या शिक्षकांनी, त्याही फक्त शाळेत जाण्यायेण्यापुरत्या. पिझ्झा पोचवणाऱ्या पोराने, दुधाचे कॅन वाहणाऱ्याने किंवा वरातीपुढे चाक उचलून दाखवणाऱ्या नवरदेवाच्या मित्राने वापरलेली गाडी आजवर कुठल्या जाहिरातीत माझ्या पाहण्यात नाही. ही मंडळी ज्या गाड्या चालवतात त्या शेवटी जातात कुठे, हा पीएच.डी.चा विषय आहे.

शिवाय या सगळ्या गाड्यांची कंडिशन एक नंबर असते, कागद क्लिअर असतात, इंजिन कधीही उघडलेलं नसतं आणि मालकाला ती ‘नाइलाजाने’ विकायची असते. बघणारा घेऊनच जाईल, असंही वर लिहिलेलं असतं. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.

तरीही आम्ही फोन केले, कारण माझ्या भाच्याला चाकणला नोकरी लागली. राहायला भोसरीत खोली. म्हणजे रोज नाशिक रस्त्याने जा-ये. तो रस्ता संध्याकाळी सहा वाजता ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आपलं नशीब सांभाळून ठेवावं. खिशात चाळीस हजार. हप्त्यावर नवी कोरी गाडी सहज दारात आली असती, पण साहेबांना सगळ्यांसारखी नको होती.

“मामा, जुनी चालेल. पण तिच्यात काहीतरी पाहिजे.”

काय पाहिजे ते त्याला सांगता येईना, आणि मला ते न सांगताच कळलं, यात ताईच्या मते आमच्या घराण्याचा सगळा इतिहास आला.

मी त्याला एकच सांगितलं. गुण बघत बसू नकोस. ते सगळ्याच गाड्यांना असतात आणि विकणाऱ्याला पाठ असतात. आपण दोष बघायचे. सकाळी साडेसातला, पोटात फक्त चहा आणि डोक्यात साहेब असताना, गाडीचा कुठला नखरा आपण रोज हसत सोसू शकतो तेवढं ठरव. ते ठरलं की गाडी ठरली.

ताई म्हणाली, “दोष नसलेली गाडी मिळत नाही का?”

मिळते. तिचं नाव स्प्लेंडर. हीरो होंडाने १९८५ मध्ये सीडी १०० आणली, तेव्हाच जाहिरातीत सांगितलं होतं की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि देशाने ते मनावर घेतलं. लोक खरोखरच विसरले. ऑइल बदलायचं विसरले, चेनला ग्रीस लावायचं विसरले, काही जण तर आपल्याकडे गाडी आहे हेही विसरले. तरी ती किकला उठते आणि निघते. ताईचा जो एकमेव प्रश्न होता, ॲव्हरेज किती देते, त्याचं तिच्याइतकं समाधानकारक उत्तर दुसऱ्या कुणाकडे नाही.

पण स्प्लेंडरवाल्याला चार लोकांत सांगण्यासारखं काही नसतं. तो निघाला आणि पोचला. वर्षानुवर्षांत एकदा पंक्चर झाली, तीही पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर. अशा माणसाला चहाच्या टपरीवर कोण विचारतो? भाच्याने ताईकडे न बघता मान हलवली आणि आम्ही नखरेवालींच्या शोधाला लागलो.

पहिलं नाव अर्थातच यामाहा आरएक्स १००. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर-सांगलीकडे, हिचं नाव घेताना लोकांचा आवाज बदलतो. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती भारतात बनली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन १०३ किलो. कागदावर आकडे बघून हसू येतं. मागे बसल्यावर येत नाही. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीला एक स्फोट. फोर-स्ट्रोकवाली बिचारी दोन फेऱ्यांत एकदा विचार करून ठरवते, हिला विचार करायची सवय नाही. थांबायला मात्र दोन्हीकडे ड्रमचे ब्रेक आणि चालवणाऱ्याची चप्पल.

हिचे दोष म्हणाल तर धूर, पेट्रोलची तहान, सगळ्या कपड्यांना ऑइलचा कायमचा वास. हे सगळं भाच्याला मान्य होतं. अडचण वेगळीच निघाली. चांगल्या अवस्थेतल्या आरएक्सला आता लोक लाखाच्या घरात भाव सांगतात, आणि ती घेतली की झोप जाते. चोराला ती मालकापेक्षा जास्त आवडते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पुढच्या चाकाला साखळी, मागच्या चाकाला साखळी आणि दोन्ही साखळ्या जिन्याच्या कठड्याला बांधून झोपतात, आणि रात्री दोनदा उठून कठडा जागेवर आहे का ते बघतात. भोसरीच्या खोलीला जिनाच नव्हता.

मग बुलेट. चाळीस हजारांत बुलेट म्हणजे तिची टाकी आणि मालकाचा तिच्यासोबतचा फोटो, पण नुसतं बघायला काय जातं? जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा मालक गाडी चालू करून दाखवतो तेव्हा बघणाऱ्याने दोन पावलं मागे उभं राहावं. आधी चावी. मग डाव्या हाताशी डीकॉम्प्रेसरची छोटी कळ दाबायची. किक हळूहळू खाली न्यायची आणि टाकीपुढच्या ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत त्याच्याकडे एकटक बघायचं. काटा मध्यावर आला की कळ दाबूनच किक थोडी पुढे सरकवायची, कळ सोडायची, किक पुन्हा वर आणायची, श्वास घ्यायचा आणि मग सगळं वजन टाकून मारायची. जमलं तर ती धडधडायला लागते आणि शेजारच्या कपाटातल्या काचेच्या बरण्या उत्तर देतात. घाई केली तर ती तीच किक उलटी मारते. मालकांच्या पायाकडे बघितलं की त्यांनी घाई कधी केली होती ते समजतं.

त्यातून जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आजच्या गाडीवर सवय झालेला माणूस समोर अचानक म्हैस आली की सवयीने उजवा पाय दाबतो. गाडी थांबत नाही, वरच्या गिअरमध्ये जाते. म्हशीलाही हे अनपेक्षित असतं. भाच्याने मालकांचे आभार मानले आणि चहा घेऊन आम्ही निघालो.

आता येझदी. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आम्ही गाडी बघायला गेलो नव्हतो, गाडीवाल्याने आम्हाला बघितलं.

म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने या गाड्या बनत, तो कारखाना १९९६ ला बंद झाला. तरी येझदीवाले बंद झालेले नाहीत. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ते ठिकठिकाणी गाड्या घेऊन जमतात. बाकीचे दिवस ते सुटे भाग शोधतात. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात मानेपर्यंत वाकलेला आणि अचानक आनंदाने ओरडलेला माणूस दिसला, तर त्याला किकचा दांडा मिळालाय असं समजावं.

नारायण पेठेतल्या एका काकांची रोडकिंग विकायची आहे असं कळलं. काकांनी दार उघडलं, आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “चालवणार कोण?”

“हा. माझा भाचा.”

“उंची?”

भाच्याने उंची सांगितली. काकांनी ती मनात कुठेतरी नोंदवून घेतली आणि आम्हाला जिन्याखाली नेलं. तिथे जुन्या चादरीखाली, त्या चादरीखालच्या प्लॅस्टिकखाली आणि त्याखालच्या धोतराखाली ती उभी होती. अडीचशे सीसीचं एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. क्रोम असं की काकांनी त्यात बघून मिशी नीट केली.

“बसा. किक मारा बघू.”

भाचा बसला. पायाने चाचपू लागला. “काका, किक सापडली. गिअर कुठेय?”

“तोच.”

येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यात असतात. दांडा आत दाबून उभा करायचा आणि मारायची. इंजिन उठलं की तोच पुढे आडवा पाडला की गिअर. भाच्याला हे इतकं आवडलं की त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. काका किंचित विरघळले, पण परीक्षा संपली नव्हती.

“कुठे लावणार?”

“खोलीच्या बाहेर. पत्रा आहे.”

“पूर्ण?”

“अर्ध्या गाडीवर येईल.”

“म्हणजे पावसात कुठली अर्धी भिजणार? पुढची की मागची?”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“सिग्नलला न्यूट्रल करणार, की क्लच दाबून उभे राहणार?”

“क्लच...” एवढंच तो म्हणाला. काकांनी शांतपणे धोतर उचललं आणि गाडीवर घालायला सुरुवात केली. “विकायची नाहीये मला.”

“पण काका, जाहिरात...”

“जाहिरात हिने दिलीय.”

आतून आवाज आला, “ने रे बाळा तू, पैसे नंतर दिलेस तरी चालतील!” काकांनी तेवढ्यात चादरही घातली होती.

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, “मामा, गाडी अशाच माणसाची घ्यावी.” मी म्हटलं, अशा माणसाची गाडी मिळत नाही हीच तर तिची किंमत आहे. जी चटकन मिळते तिला तपासायला मेस्त्री लागतो.

आमचे मेस्त्री बोलायला महाग. गाडी बघायला गेल्यावर ते मालकाशी बोलत नाहीत, गाडीला हात लावतात. तोही आधी इंजिनाला. इंजिन गरम लागलं की ते हात पुसतात आणि “उद्या येतो” म्हणतात. मालक म्हणतो, आत्ताच जरा चक्कर मारून आलो. मेस्त्रींचं म्हणणं असं की थंड इंजिनाला उठायला किती वेळ लागतो, उठताना ते काय कुरकुर करतं, हे बघायचं असतं. गरम करून ठेवलेली गाडी ही पाहुण्यांसमोर तोंड पुसून बसवलेल्या पोरासारखी असते. खरं पोर सकाळी सहाला बघावं.

थंड इंजिन उठवून मग ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि दांडा कानाला लावून डोळे मिटतात. टायमिंग चेनचा आवाज एक जातीचा, पिस्टनचा दुसऱ्या, क्रँकचा तिसऱ्या. क्रँकचा ऐकू आला की ते डोळे उघडत नाहीत, नुसते मागे वळून चालू लागतात. फोर-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीला संपत आल्यात, गाडी पेट्रोलबरोबर ऑइलही पितेय. टू-स्ट्रोकवाला मात्र धूर अभिमानाने दाखवतो. धूर नसेल तर काळजी करा म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. ऑइल पोचलं नाही तर इंजिन जागेवरच जाम होतं.

मीटरवर मेस्त्रींचा अजिबात विश्वास नाही. जुन्या गाडीच्या मीटरची केबल पुढच्या चाकापाशी दोन मिनिटांत निघते, आणि मग मालक दोन वर्षं कोकणात जाऊन आला तरी मीटरला ते कळत नाही. त्याऐवजी ते फुटरेस्टचं रबर बघतात, ब्रेकच्या पट्टीवरच्या रेघा घासून गेल्यात का ते बघतात, चावीचं भोक किती सैल झालंय ते बघतात. पाच आकडी मीटरवर अठरा हजार किलोमीटर आणि ब्रेकची पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, तर तो मीटर एकदा शून्यावर जाऊन पुन्हा जन्माला आलाय. शेवटी गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करायचं आणि हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवायचं. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. मागे दहा पावलं जाऊन, एक डोळा मिटून, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघायचं. नसली तर गाडी कुठेतरी जोरात आपटलीय आणि यापुढे सरळ रस्त्यावरही ती थोडी बाजूला बघत जाणार.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. आरसीवरचा चेसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा; कर्ज असेल तर बोजा उतरवलेला हवा; नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या; गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिकडचं ना हरकत पत्र लागेल; पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का बघा. एजंट ‘नंतर करू’ म्हणाला तर पैसेही नंतर द्या. या सगळ्यात मजा फक्त एका गोष्टीत आहे. गाडीचा नंबर टाकून थकलेली ई-चलनं बघायची. तिथे मालकाचं चरित्र फोटोसकट उपलब्ध असतं. आम्ही बघितलेली एक गाडी ‘शिक्षक वापर’ होती. चलन होतं ट्रिपल सीटचं, रात्री पावणेबारा, डेक्कनचं. फोटोतल्या तिघांपैकी शिक्षक कोणता, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

अखेर गाडी सापडली ती आकुर्डीत. हीरो होंडाची सीबीझी. ज्या घराने विसरून जायला शिकवलं त्याच घराने १९९९ मध्ये ही काढली होती: १५६ सीसी, पुढे डिस्क ब्रेक, पोट सुटलेली टाकी. तिच्या कार्ब्युरेटरला एक छोटा पंप आहे. ॲक्सिलेटर पिळला की तो पेट्रोलची जादा पिचकारी मारतो. त्यामुळे ती उडी घेऊन पळते, आणि त्यामुळेच ताईपुढे तिचं ॲव्हरेज सांगायला धाडस लागतं. कार्ब्युरेटर म्हणजे आता गेल्या जमान्याची चीज. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहाचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींत जवळपास सगळीकडे इंजेक्शन आलं. ते शहाणं आहे, पण बिघडलं तर त्याला संगणक जोडावा लागतो. कार्ब्युरेटरला रस्त्याकडेचा मेस्त्री, फुंकर आणि बारीक तार पुरते. फक्त हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि सीला बदलून घ्याव्यात, असं मेस्त्रींनी तिथल्या तिथे बजावलं. त्या दिवसातलं त्यांचं ते सर्वांत लांब वाक्य.

गाडी २००२ ची, दोनदा नूतनीकरण झालेली, आरसी २०२७ पर्यंत चालू. इंजिन थंड. विकणारे कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते डॉक्टर नव्हते, शिक्षक नव्हते, आणि गाडी मी रोज तीन पाळ्यांत वापरली असं त्यांनी दारातच सांगून टाकलं.

“कंडिशन कशी आहे?” मी विचारलं.

“माझ्यासारखी.” मग त्यांनी बोटांवर मोजत यादी दिली. “गरम झाली की न्यूट्रल पटकन पडत नाही, गाडी किंचित चालती असतानाच पाडायचा. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की टाकी संपलेली समजायची. सकाळी चोक पूर्ण ओढायचा, गल्लीच्या टोकाला अर्धा, मुख्य रस्त्याला बंद. आणि मी हौसेने पुढे जास्तीचे लाइट बसवले होते, त्या वायरी मानेपाशी घासल्यात, त्यामुळे हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. ॲव्हरेज विचारू नका. विचारलंत तर खरं सांगेन.”

मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, उघडले आणि चहाला हो म्हणाले. अडतीस सांगितले होते, चौतीसला ठरली. कागदांवर सह्या होईपर्यंत भाचा टाकीवरून हात फिरवत होता आणि मालक त्याला चोकचं पुन्हा समजावत होते.

महिनाभरात तो तयार झाला. खोलीतल्या मित्राने गाडी मागितली तर “तुला जमणार नाही, तिला कळावं लागतं” असं म्हणतो, आणि हे तो त्या काकांच्याच आवाजात म्हणतो. मेस्त्रींनी मानेपाशी टेप गुंडाळून हॉर्न नीट करून देतो म्हटलं, फुकट. याने नको म्हटलं. कंपनीचं गेट डाव्या हाताला आहे. रोज सकाळी आत वळताना हॉर्न वाजतो, वॉचमनला वाटतं साहेब आवर्जून नमस्कार करतात, आणि तो उठून कडक सॅल्यूट ठोकतो. मॅनेजरच्या मोटारीलाही तो बसूनच हात करतो.